आत्याबाईसाठीची आरोळी

नागपुरात नंदनवनच्या बाजारात लाकडी बैल मांडले गेले की माझे पाय घरात ठरत नाहीत. गुडघे कुरकुरतात, सून डोळे वटारते, तरी मी पिशवी घेऊन निघतेच. घ्यायचं काही नसतं. बैल उचलायचा, चाकं फिरवून बघायची, शिंगांवरचा बेगडी कागद नखानं हळूच खरवडायचा, भाव करायचा आणि "संध्याकाळी येते" म्हणून पुढच्या दुकानात जायचं. दुकानदार आता मला ओळखतात. परवा एक जण म्हणाला, "आजी, दरसाल भाव विचारता, एकदा तरी घ्या." मी म्हटलं, "माझ्याकडं आहे." सत्तरच्या पुढच्या बाईनं असं सांगितल्यावर तो बिचारा काय बोलणार. त्यानं मला चहा पाजला.

पोळा म्हटला की सगळ्यांना बैल आठवतात. आम्ही कोष्टी. आमच्या दारात बैल कुठून असणार? आमच्या दारात सुताचे ताणे. त्यामुळं आमचा सगळा जीव पोळ्याच्या दुसऱ्या दिवसात. त्या दिवशी सकाळी मारबत आणि संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा. तान्हा पोळा इतरत्रही असेल, पण मारबत आमच्या नागपूरचीच. बांबू आणि कागदाची, घराच्या माडीएवढी उंच बाई. एक काळी, एक पिवळी. मागंपुढं बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे. सगळं शहर फिरवून त्यांना वेशीबाहेर नेऊन जाळायचं. आणि ती समोरून जाताना ओरडून सांगायचं, की बाई, आमच्या घरातली सगळी पिडा तुझ्याबरोबर घेऊन जा. खासी, खोकला घेऊन जा गे मारबत. ढेकूण, मच्छर घेऊन जा गे मारबत. वर्षभर ज्या घरात मोठ्यानं बोललं तर टाळक्यात बसे, त्या घरातल्या पोरींना त्या दिवशी घसा फाटेपर्यंत ओरडायची मुभा होती. मुभा कसली, ते कामच होतं आमचं.

मी सांगते आहे ती गोष्ट स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याचा आम्हाला उपयोग एवढाच, की रस्त्यावर मोटारी जरा जास्त दिसत आणि मागून पळता येई. आमची गल्ली पाचपावलीकडची. दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येक घरात खड्डामाग. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि धोटा इकडून तिकडे फेकी. पन्नास घरांतून सकाळपासून खटक-खट, खटक-खट. पाहुणे आले की म्हणत, तुम्हाला झोप कशी येते? आम्हाला उलट त्यांच्या गावची शांतता ऐकून धास्ती वाटे. पावसाळ्यात मात्र कामाचे हाल. सुताला खळ लावून ताणा रस्त्यात पसरायचा आणि दोन सरींच्या मधल्या उन्हात वाळवायचा. एक थेंब पडला की "उचला, उचला" म्हणत सगळी गल्ली धावे. त्या खळीचा आंबूस वास, ओल्या मातीचा वास, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दारांना लावायला आणलेल्या पळसाच्या डहाळ्यांचा वास. तो सगळा एकत्र वास आता कुठं मिळत नाही. मी शोधून पाहिला आहे.

या सगळ्या धामधुमीची मुख्य म्हणजे आमची आत्याबाई. बाबांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. बाबांच्या मागासाठी दिवसभर रहाटावर कांड्या भरायची. धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती संपली की माग थांबतो. म्हणजे आमचं घर तिच्या हातावर चालायचं, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खरं होतं. सकाळी दारात बसून गुडाखूनं दात घासता घासता ती गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची खबर घ्यायची. तिचा आवाज असा, की रस्त्याच्या तोंडाशी भाजीवाली आली की आत्याबाई इथूनच भाव करायची. माझा आवाज तिच्यावर गेला आहे. सून साक्ष देईल.

माझ्याकडचा बैल तिचाच. तान्हा पोळा मुलांचा, मुलींनी बघायचं. मी सहा वर्षांची असताना रडून गोंधळ घातला तेव्हा आत्याबाई इतवारीच्या बाजारात गेली आणि बैल घेऊन आली. बाबा म्हणाले, "बाई, पोरीले कायले बैल?" आत्याबाईनं विचारलं, "काहून? पोरीचा बैल का गवत खाते तुह्या घरचं?" त्या संध्याकाळी पोरांच्या रांगेत मी एकटी मुलगी, झगा वर खोचून बैल ओढत होते आणि आत्याबाई बाजूनं कोणी हसतंय का हे बघत चालली होती. कोणाची हिंमत नाही झाली.

आमच्या गल्लीत मारबतीची एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. आपली पिडा आपण ओरडायची नाही. आपल्या घरच्यानं आपल्यासाठी ओरडायची. त्यामुळं पोळ्याच्या संध्याकाळी आत्याबाई घरोघर फिरून कोणाचं दुखणं कोणाकडं, याची वाटणी करायची. शेजारच्या सखूबाईच्या नवऱ्याचं घोरणं सखूबाईकडं, आणि सखूबाईची जीभ तिच्या नवऱ्याकडं. दोघंही दुसऱ्या दिवशी इतक्या मनापासून ओरडत की वर्षभराची भांडणं तिथंच फिटत. ही रीत कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. आत्याबाई म्हणाली, "आपलं दुखणं आपल्याच तोंडानं सांगाले लागलं तं घरात माणसं कायले पायजेत?"

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते, आणि आत्याबाई वाटणी करायला निघाली नाही. तिच्या पोटात गाठ झाली होती. उन्हाळ्यात कळलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, पंधरा दिवस ठेवलं आणि घरी आणलं. घरात सगळे म्हणत होते की आता आराम पडेल. माय म्हणायची, सखूबाई म्हणायची, बाबा तर मागावरून मान वर न करता म्हणायचे, "होशीन बाई बरी." आत्याबाईची खाट मागाशेजारीच होती, पण बाबा तिच्याशी बोलायचे ते धोट्याकडं बघत. मला ते तेव्हा विचित्र वाटलं नाही. कामाचा माणूस काम करतो, एवढंच वाटलं.

पोळ्याच्या दुपारी माय पुरण वाटत होती आणि मी उद्याच्या आनंदात घरभर नाचत होते. आत्याबाईनं मला खाटेजवळ बोलावलं. तिचा तो आवाज गेला होता. कान तोंडाशी न्यावा लागे.

"उद्या तू जाऊन राहिली ना मारबतले?"

"जाऊन राहिली ना. सखूबाईसंग."

"माह्यासाठी कोण वरडणार हाय?"

"मीच," मी म्हटलं. "सगळं पाठ केलं. गाठ, ताप, मळमळ. तीनदा तीनदा वरडणार."

"गाठ नोको म्हणू, वच्छे. गाठ काई जात नाई. डागदरनं तुह्या बापाले सांगतलं, ते मले आइकू आलं. तू आत्याबाई म्हणजो. आत्याबाईले घेऊन जा गे मारबत, असं म्हणजो."

मी उठून उभी राहिले. मला दुःख झालं नाही, भीती वाटली नाही. मला संताप आला.

"मी नाई म्हणत."

"काहून?"

"तू काई ढेकूण हाय का?"

आत्याबाईला हसू फुटलं आणि हसण्यानं पोटात कळ आली. पोट धरून ती म्हणाली, "हसवू नोको वं, दुखते." कळ ओसरल्यावर म्हणाली, "मले बम दुखते, पोरी. घरात सगळे म्हणतेत बरी होशीन. मी बी हो म्हणतो. सगळेच खोटं बोलून राहिलो. एकानं तरी खरं बोला लागन का नाई? तुह्याशिवाय मले कोण हाय असं सांगाले?"

पुरणाच्या वासानं घर भरलं होतं आणि मी अंगणात जाऊन पळसाची डहाळी दाताखाली चावत बसले. फार कडू लागली.

दुसरा दिवस उजाडला तो काय वर्णावा! पहाटेच दारांवरच्या डहाळ्या काढून त्या वेशीबाहेर टाकायला सगळी गल्ली पळत सुटली, अनवाणी, अर्धी झोपेत, आणि ओरडत. नंतर सखूबाईचं बोट धरून इतवारीकडं. गच्च्यांवर माणसं, खिडक्यांत माणसं, दुकानांच्या फळ्यांवर माणसं. ढोल असे वाजत होते की छातीत दुसरं काळीज बसवल्यासारखं वाटावं. एक बडगा रेशनच्या दुकानदाराचा होता, तराजूत अंगठा दाबलेला. त्याला बायका लाटण्यानं मारत होत्या. कोणी गुलाल उधळला, तो माझ्या तोंडात गेला. तेवढ्यात गर्दी दोन्हीकडं फाटली आणि पिवळी मारबत आली. डोळे वटारलेली, हात पसरलेली, हलत, डुलत, तिच्या डोक्यावरून आभाळ सरकत होतं. समोरून काळी आली. दोघींची भेट झाली तशी हजार माणसं एका आवाजात ओरडली आणि मी त्या आवाजात कुठं संपते आणि कुठं सुरू होते हे मला कळेना. इतका आनंद मला त्यानंतर कितीदा झाला, हे बोटांवर सांगता येईल. मी सखूबाईच्या खांद्याला धरून उंच झाले. आत्याबाईचं सांगणं मला आठवत होतं, विसरले असं मी म्हणणार नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, आत्याबाईची गाठ घेऊन जा गे मारबत. तीनदा. घशातून रक्त येईल असं.

घरी आले तेव्हा आवाज पुरता बसला होता. आत्याबाईनं विचारलं, "म्हटलं?"

मी मान हलवली.

"काय म्हटलं?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "गाठ," मी म्हटलं.

ती रागावली नाही. माझ्या केसांतला गुलाल झटकत म्हणाली, "जाऊ दे. आता सालभर थांबा लागन मले. मारबत का रोज रोज येते?"

ती मला मोकळं करण्यासाठी थट्टेत बोलली होती. मी ते शब्दशः घेतलं. मारबत वर्षातून एकदाच येते. तिला आत्याबाईचं नाव सांगितलं गेलेलं नाही. म्हणजे पुढच्या पोळ्यापर्यंत आत्याबाईला कोणी हात लावू शकत नाही. माझ्या हिशेबात कुठं खोट नव्हती. मी गल्लीभर उड्या मारत सांगत सुटले, की आमची आत्याबाई आता सालभर कुठं जात नाही. बायका पदर तोंडाला लावून आत जायच्या. मला वाटायचं, हसू दाबतायत. संध्याकाळी तान्ह्या पोळ्यात माझा बैल सगळ्यांत पुढं होता. गणपती आले, गेले. मी आत्याबाईला सांगायची, दिवाळीला असं करू, संक्रांतीला तसं करू. ती हो म्हणायची.

पुढं मला माणसांना निरोप द्यायची वेळ पुष्कळदा आली. माय गेली, बाबा गेले, माझे यजमान गेले. यजमान दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्याभोवती सगळी तेच बोलत होती, पुढच्या महिन्यात घरी, मग पचमढीला जाऊ. ते माझ्याकडं बघायचे. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का?" ते तासभर बोलले. लग्नानंतर इतकं सलग कधी बोलले नव्हते. लोक मला दगडाच्या काळजाची म्हणाले असतील. म्हणोत बापडे. मी रडले तेव्हा ते बघायला नव्हते. पण हे मला आपोआप आलं नाही. ते मी शिकले, आणि फार उशिरा शिकले असं मला अजून वाटतं, कारण त्या उशिराची किंमत माझी मला द्यावी लागली नाही. ती आत्याबाईनं दिली.

त्याच वर्षीच्या नवरात्रातली दुपार होती. शाळा लवकर सुटली. माय देवळात गेली होती, बाबा मागावर होते, आणि मी मागच्या दारानं आत आले, त्यामुळं कोणाला कळलं नाही. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि कण्हत होती. असं कण्हणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी जागच्या जागी थांबले. तेवढ्यात बाबांची कांडी संपली आणि माग थांबला. आत्याबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाबांनी नवी कांडी बसवली, खटक-खट सुरू झालं, आणि तिनं बोळा काढला. परत कण्हणं. परत कांडी संपली, परत बोळा. मी तीन कांड्या संपेपर्यंत तिथं उभी होते.

तेव्हा मला समजलं, की गेला महिनाभर मी ज्याला जिंकणं म्हणत होते ते काय होतं.

मी खाटेजवळ जाऊन बसले. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आत्याबाई, तुले जायचं हाय तं जाय."

तिनं डोळे उघडले. मला बघून तिला बरं वाटलं हे तिच्या तोंडावर दिसलं. ती म्हणाली, "एवढ्या हळू? हे का वरडणं झालं?"

"मारबत तं कवाचीच जळली," मी म्हटलं.

"जळली तं जळली. रस्ता तं पाहून ठेवला असन तिनं. जाय, दारात उभी राय."

मी दारात गेले. गल्लीत ऊन पडलं होतं, ताणे वाळत होते, पन्नास माग चालू होते. ना ढोल, ना गर्दी, ना गुलाल. एका साध्या दुपारी एकटीनं ओरडणं किती अवघड असतं, हे ओरडल्याशिवाय कळत नाही. मी डोळे मिटले आणि ओरडले, आमच्या आत्याबाईले घेऊन जा गे मारबत. आवाज फुटला, तरी ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा सखूबाईचा माग थांबला. मग समोरचा. मग एकेक करत सगळे. तिसऱ्या वेळी आमचा थांबला.

आमच्या गल्लीत दिवसाउजेडी असं शांत मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या शांततेत आमच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला. आत्याबाईला तोंडात बोळा कोंबायला वेळच मिळाला नव्हता. एरवी कांडी संपत आली की तिला अंदाज येई. त्या दिवशी आमचा माग अर्ध्या कांडीवरच थांबला होता.

बाबा खड्ड्यातून माझ्यावर हात उगारून बाहेर आले होते. तो हात तसाच राहिला. ते खाटेकडं वळून बघत होते. दवाखान्यातून आणल्यापासून बहुधा पहिल्यांदाच बघत होते.

त्यानंतर तीन दिवसांनी आत्याबाई गेली, ते सांगून टाकते. मी खूप रडले. पण मला त्या तीन दिवसांपेक्षा ती दुपार जास्त आठवते. बाबा खाटेजवळ जमिनीवर बसले. त्यांच्या बोटांना सूत चिकटलं होतं, ते काढत त्यांनी विचारलं, "बाई, तुले लय तरास होऊन राहिला का?"

"हो गा," आत्याबाई म्हणाली.

एवढं साधं विचारायला माझ्या बाबांना चार महिने लागले होते. त्यांनी तिचा पाय हातात घेतला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "मंग जाय तू. आमचं आमी पाहून घेऊ. कांड्या बी भरून घेऊ."

आत्याबाईनं मान हलवली. थोड्या वेळानं तिनं चहा मागितला. मी केला, बाबांनी बशीतून पाजला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "साखर कमी हाय वं, वच्छे. शिकून घे."